विंडोज १० नंतर घरचा हिशेब : एका स्थलांतराची पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणतः २०१७ च्या अखेरीनंतर आलेला प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधी घेतलेले आणि अजूनही व्यवस्थित चालणारे बहुतेक संगणक नव्या प्रणालीसाठी अपात्र ठरले. वैयक्तिक ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा-अद्यतने जाहीर झाली, पण ती केवळ मुदतवाढ होती. नाशिकरोडच्या मुद्रणालयातून निवृत्त होऊन पेन्शन, मुदतठेवी आणि म्युच्युअल फंड यांच्या नोंदी संगणकावर ठेवणारे गृहस्थ असोत, नाशिकच्या कॅनडा कॉर्नर परिसरातले एकट्याने काम करणारे करसल्लागार असोत की निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार असोत, जुना संगणक ज्यांच्याकडे आहे त्या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा आहे : नवे यंत्र घ्यावे, लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीवर जावे की ॲपलच्या मॅककडे वळावे. यांतला कोणताही मार्ग धरला तरी नवा प्रोग्रॅम बसवायला फारसा वेळ लागत नाही. वीस वर्षांच्या नोंदी अर्थासह तिकडे नेणे हे खरे काम असते. त्यातल्या अडचणींचा इतिहास जवळजवळ चाळीस वर्षांचा आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा अडचणी टाळता येण्याजोग्या होत्या, हे आधीच नोंदवले पाहिजे.

जुन्या नोंदींची एवढी चिंता कशाला, असा प्रश्न येऊ शकतो. त्याचे उत्तर करकायद्यात आहे. घर किंवा जमीन विकताना खरेदीची किंमत, खरेदीची तारीख आणि नंतर वास्तूत केलेल्या सुधारणेचा खर्च हे तिन्ही लागतात, आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेसाठी त्या तारखेचे बाजारमूल्य धरता येते. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या सूचिबद्ध शेअरांच्या दीर्घकालीन नफ्याची मोजणी त्या दिवसाच्या भावाशी जोडलेली आहे. २३ जुलै २०२४ च्या बदलानंतर, त्याआधी घेतलेली जमीन किंवा इमारत विकणाऱ्या निवासी व्यक्तीला १२.५ टक्के दराने महागाई-निर्देशांकाची सवलत न घेता, अथवा २० टक्के दराने ती घेऊन, अशी तुलना करता येते. इंदिरानगरात २००४ साली घेतलेल्या सदनिकेच्या आतील कामाची नोंद आज अशी थेट पैशांत मोजली जाते. ती नोंद ज्या प्रोग्रॅममध्ये केली होती तो आज कोणत्याही दुकानात मिळत नसला, तरी कर-अधिकाऱ्यासमोर ती सबब चालत नाही.

वहीच्या काळात स्थलांतर दर वर्षी होत असे आणि त्याची शिस्त ठरलेली होती. रोजच्या व्यवहारांची कीर्द, तिच्यावरून खातेवार खतावणी, वर्षाच्या शेवटी प्रत्येक खात्याची शिल्लक काढून ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढणे आणि दोन्हींकडच्या बेरजा जुळल्याशिवाय जुनी वही न मिटणे, अशी ती पद्धत होती. अनेक व्यापाऱ्यांचे हिशेबी वर्ष दिवाळीला बदलत असे. आयकरासाठी सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले ते कर-निर्धारण वर्ष १९८९-९० पासून. वहीपूजन त्यानंतरही दिवाळीतच राहिले. जुनी वही वाचायला कोणतेही यंत्र लागत नव्हते हा तिचा मोठा गुण होता, पण तोही निरपवाद नाही. मोडी लिपीतल्या वह्या आज ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांना त्या वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. कागद टिकला तरी लिपीची किल्ली हरवू शकते, आणि संगणकावर नेमके तेच पुन्हा घडले. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

संगणकावरचा हिशेब नाशिकसारख्या शहरात घरातून आला नाही, तो दुकान आणि कारखान्यातून आला. बंगळूरमध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी १९८६ मध्ये प्युट्रॉनिक्स ही कंपनी सुरू केली आणि तिचा टॅली हा प्रोग्रॅम डॉस या विंडोजपूर्व प्रणालीच्या काळ्या पडद्यावर देशभर पसरला. सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकाचा घरखर्च वेगळ्या प्रोग्रॅममध्ये जात नसे. तो धंद्याच्याच टॅलीत मालकाच्या भांडवली खात्याखाली ‘उचल’ म्हणून पडत असे, आणि आजही अनेक ठिकाणी तसाच पडतो. याच्या जोडीला डीबेस आणि फॉक्सप्रो या डेटाबेस-साधनांत स्थानिक प्रोग्रॅमरांनी लिहून दिलेले छोटे प्रोग्रॅम होते : भिशीचे, पतसंस्थेचे, भाडेवसुलीचे, बागेच्या मजुरीचे. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांनी डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम चालवणे पूर्णपणे सोडून दिले, तेव्हा हे सगळे एका फटक्यात बंद पडले. डॉसची नक्कल करणारी डॉसबॉक्ससारखी साधने घालून काहींनी ते पुढे ओढले. तरी या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. डीबेसच्या डीबीएफ फाइलची रचना सर्वांना माहीत होती, म्हणून ती फाइल आजच्या लिनक्सवर लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या मोफत प्रोग्रॅममध्येही उघडते, तारखा आणि रकमांचे रकाने शाबूत असतात. प्रोग्रॅम गेल्यावरही हिशेब वाचला, कारण फाइलची रचना गुप्त नव्हती.

घरगुती हिशेबासाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरचा इतिहास मात्र अमेरिकेत घडला आणि त्याचे परिणाम आपल्याकडे आले. स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी १९८३ मध्ये इंट्यूट ही कंपनी स्थापून क्विकन आणले. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने मनी हा प्रतिस्पर्धी प्रोग्रॅम काढला. त्याला क्विकनवर मात करता आली नाही, तेव्हा १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंट्यूटच विकत घेण्याचा करार केला; अमेरिकेच्या न्याय खात्याने एप्रिल १९९५ मध्ये त्याविरुद्ध दावा दाखल केला आणि पुढच्याच महिन्यात तो करार सोडून देण्यात आला. या चढाओढीतून आलेले दोन फाइल-प्रकार आजच्या स्थलांतरालाही पुरून उरले आहेत.

पहिला क्विकनचा क्यूआयएफ. ही साधी मजकूर-फाइल असते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असते, त्यावरून ती ओळ तारखेची, रकमेची की वर्गवारीची हे कळते, आणि नोंद संपल्याची खूण वेगळी असते. हा साधेपणा तिचे बळ होते आणि तिची उणीवही. तारीख दिवस-महिना अशी आहे की महिना-दिवस, हे फाइल सांगत नाही. चलन कोणते तेही सांगत नाही. आणि नोंदीला स्वतःचा क्रमांक नसतो. बचत खात्यातून मुदतठेवीत गेलेले ५०,००० रुपये दोन्ही खात्यांच्या फाइलींत येतात आणि नव्या प्रोग्रॅममध्ये ते दोनदा पडण्याचा धोका राहतो. दुसरा प्रकार १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंट्यूट आणि चेकफ्री यांनी मिळून मांडलेला ओएफएक्स. त्यात तारीख ठरलेल्या क्रमाने लिहिलेली असते, चलन नमूद असते आणि प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला क्रमांक असतो. म्हणून तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा घातली तरी प्रोग्रॅमला पुनरावृत्ती ओळखता येते. माझ्या मते घरगुती हिशेबाच्या इतिहासातली ही सर्वांत उपयोगी सुधारणा आहे, आणि भारतीय ग्राहकाच्या वाट्याला ती सर्वांत कमी आली आहे.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये मनीची विक्री थांबवली. २०१० मध्ये सक्रियकरण न लागणारी अखेरची मोफत आवृत्ती दिली, त्यामुळे जुन्या फाइली विंडोजवर उघडत राहिल्या. ही सोय मोलाची होती. पण फाइलची रचना बंदिस्तच राहिली आणि बाहेर पडायचे तर एकेका खात्याची क्यूआयएफ काढणे हाच मार्ग उरला. मॅकवाल्यांची कथा याहून कठोर आहे. ॲपलने २००६ पासून इंटेल प्रोसेसर स्वीकारताना जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी रोझेटा हा दुभाषी दिला होता. जुलै २०११ मध्ये आलेल्या लायन आवृत्तीत तो काढून टाकला, आणि क्विकन २००७ एका अद्ययावतीकरणासरशी उघडेनासे झाले. इंट्यूटने मार्च २०१२ मध्ये लायनवर चालणारी आवृत्ती दिली, म्हणजे मधले कित्येक महिने लोकांचा हिशेब त्यांच्याच यंत्रात अडकून पडला होता. मॅकने २०१९ मध्ये कॅटालिना आवृत्तीत ३२-बिट प्रोग्रॅमही बंद केले, तेव्हा असाच प्रसंग इतर सॉफ्टवेअरवर आला.

लिनक्सच्या बाजूने १९९७ मध्ये एक्स-अकाउंटंट या नावाने सुरू झालेला प्रकल्प पुढे ग्नूकॅश झाला. त्यात दुहेरी नोंद आहे, म्हणजे आपल्या जमा-नावे पद्धतीला जवळची शिस्त आहे, आणि त्याची फाइल एक्सएमएल किंवा एसक्यूलाइट या खुल्या स्वरूपात असल्याने प्रोग्रॅमशिवायही वाचता येते. पुढे तो विंडोज आणि मॅकवरही आला. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे : प्रणाली बदलायच्या आधीच जुन्या विंडोजवर ग्नूकॅश बसवून, हिशेब सावकाश त्यात आणून, दोन-तीन महिने जुन्याशी ताडून पाहता येतो, आणि मग तीच फाइल उचलून लिनक्सवर ठेवता येते. प्रणाली आणि प्रोग्रॅम एकाच दिवशी बदलण्याची जोखीम त्यामुळे टळते. टॅलीच्या बाबतीत हा मार्ग नाही. टॅली विंडोजसाठीच बनते, आणि तिच्या ७.२ आवृत्तीतला डेटा टॅली ईआरपी ९ मध्ये नेण्यासाठीसुद्धा कंपनीला वेगळे साधन द्यावे लागले होते. धंद्याच्या टॅलीत घरखर्च ठेवणाऱ्याला लिनक्सवर जाताना आधी ही दोन खाती वेगळी करावी लागतात.

आता लिपीचा प्रश्न. नव्वदच्या दशकात मराठीत टंकलेखन करायचे तर पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान किंवा मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारखी साधने होती. त्या काळच्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत; पडद्यावर ‘मजुरी’ दिसे, पण फाइलमध्ये रोमन चिन्हांची भलतीच मालिका साठे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक अक्षरे दिसतात, आणि प्रत्येक उत्पादकाची अक्षर-मांडणी निराळी असल्याने एकाचे परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामाईक संकेत-पद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह तिला आधार मिळाला, तरी सवय आणि विकत घेतलेली सॉफ्टवेअरे यांमुळे जुनी पद्धत पुढे बरीच वर्षे चालत राहिली. द्राक्षबागेच्या हिशेबात एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबर छाटणी, डिपिंग, फवारणी, बांधणी अशी खाती असतात. ती इंग्रजीत लिहिणे कुणाला सुचतही नाही. अशा फाइलींतले आकडे नव्या प्रणालीवर नीट येतात, पण कोणता आकडा कशाचा हे कळत नाही. रास्त उपाय एकच : जुना संगणक व फॉन्ट चालू असेपर्यंत योग्य परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि वेलांटी, रफार व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासणे.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक सूक्ष्म दोष राहतो. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी ‘अ’ वर चंद्र देऊन ते बनवले जाई. दोन्ही दिसायला सारखीच, पण संगणकाच्या लेखी वेगळी. त्यामुळे ‘ॲडव्हान्स’ या एकाच खात्याची नव्या प्रोग्रॅममध्ये दोन खाती होतात आणि बेरीज फुटते. रुपयाचे चिन्हही १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले, म्हणून त्यापूर्वीच्या फॉन्टात ते सापडत नाही.

एक्सेलमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांना आपण या सगळ्यातून सुटलो असे वाटते, ते पूर्णपणे खरे नाही. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, अमेरिकी मांडणीच्या संगणकावर उघडली तर ०३/०४/२०१९ हा ३ एप्रिल ४ मार्च होतो, म्हणजे व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जातो. महिन्याच्या १२ तारखेनंतरच्या नोंदी मात्र तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत. खातेक्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गळतात आणि १५ अंकांहून लांब क्रमांकांचे शेवटचे अंक शून्य होतात. आयकर विवरणाच्या एक्सेल-साधनातील मॅक्रो, म्हणजे आत लिहिलेल्या स्वयंचलित आज्ञा, मायक्रोसॉफ्टच्याच एक्सेलमध्ये नीट चालत, म्हणून लिनक्सवाल्यांचा भर कोणत्याही प्रणालीवर चालणाऱ्या जावा आवृत्तीवर होता. कर-निर्धारण वर्ष २०२१-२२ पासून तीही बंद झाली. संकेतस्थळावर थेट विवरण भरता येत असल्याने बहुतेक नोकरदार आणि निवृत्तांचे त्यामुळे अडत नाही, पण डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्याने त्याचा चालक-प्रोग्रॅम नव्या प्रणालीसाठी उपलब्ध आहे का, हे आधी पाहिलेच पाहिजे.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि घरच्या नोंदींचे प्रमाणच बदलले. पूर्वी पासबुकाच्या एका पानावर महिने मावत. आता भाजी, रिक्षा आणि दूध यांच्या ओळींनी उतारा भरतो, आणि हाताने नोंदवणे अशक्य होऊन बँकेच्या फाइलवरच विसंबावे लागते. ती फाइल मात्र बहुधा पीडीएफ किंवा एक्सेल असते, आणि तिचे रकाने प्रत्येक बँक आपापल्या परीने मांडते. सप्टेंबर २०२१ मध्ये कार्यान्वित झालेल्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेत ग्राहकाच्या संमतीने हाच डेटा ठरलेल्या, यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात फिरतो. पण तो घेण्याचा अधिकार नियामकांकडे नोंदलेल्या संस्थांना आहे. कर्ज देणारी संस्था नाशिकच्या खातेदाराचा उतारा सुबक स्वरूपात मागवू शकते आणि त्या खातेदाराला स्वतःच्या ग्नूकॅशमध्ये घालण्यासाठी तोच उतारा पीडीएफमधून खरवडून काढावा लागतो, ही विसंगती दूर व्हायला हवी. व्यवहार-क्रमांकासह ओएफएक्स फाइल देणे बँकांना तांत्रिकदृष्ट्या जड नाही. ती मिळेपर्यंत जुना संगणक मोडीत देण्यापूर्वी ३१ मार्चच्या प्रत्येक खात्याच्या शिलका दोन्ही प्रणालींत ताडून पाहणे, आणि त्या वर्षाचे मूळ उतारे वेगळ्या ठिकाणी जपून ठेवणे, एवढे तरी प्रत्येकाला करता येते.