पेट्रोल गाडीला एलपीजी किट: आरसीवर नोंद करताना अर्ज अडतो कुठे?

किट बसवायला मेकॅनिकला एक दिवस पुरतो. आरसीवर ‘पेट्रोल/एलपीजी’ एवढं चढायला मात्र काहींचे दोन-दोन महिने जातात. त्यात आरटीओचा दोष निम्माच, उरलेला निम्मा किट बसवताना हातात न घेतलेल्या कागदांचा. मी गाड्यांचे विमे काढून देतो, त्यामुळे आरटीओच्या आवारात आठवड्यातून दोनदा तरी फेरी होते. तिथून फाइल बगलेत मारून परत निघालेली माणसं बघून बघून शेवटी हे लिहायला घेतलं.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. मोटार वाहन निरीक्षक तुमच्या किटचं ट्यूनिंग बघायला बसलेला नाही. गाडी गॅसवर कशी ओढते, ॲव्हरेज किती देते, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळवतो. जुळले तर सही, नाही जुळले तर ‘परत या’. त्यामुळे सगळी लढाई आरटीओत जाण्याआधी, किट बसवणाऱ्याच्या दुकानातच जिंकायची असते.

गाडी बसते का नियमात?

कंपनीनेच एलपीजी बसवून दिलेली गाडी असेल, जुन्या वॅगन आर ड्युओसारखी, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिच्या आरसीवर इंधन आधीच लागलेलं असतं.

बाहेरून किट बसवायला कायद्याची हरकत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनासारखे बदल करायला मनाई करतं, पण मंजूर किट बसवून इंधन बदलायला त्याच कलमात वाट ठेवलेली आहे. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा निकष; त्याआधीचा बीएस-४) गाड्यांना बाहेरून किट चालत नाही असं अजून कितीतरी मेकॅनिक ठामपणे सांगतात. ते जुनं झालं. ३.५ टनांच्या आतल्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांना सीएनजी आणि एलपीजी किट बसवण्याची मुभा केंद्राने ११ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने दिली. अट एवढीच, की तो किट बीएस-६ साठी मंजूर झालेला हवा. बीएस-४ च्या मंजुरीवर बीएस-६ गाडी पास होत नाही, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

गाडी १५ वर्षांची होऊन गेली असेल तर आधी नोंदणीचं नूतनीकरण, मग किट. मुदत संपलेल्या आरसीवर बदलाची नोंद होत नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावली नसेल तर तीही आधी लावा, कारण तिच्यावाचून आरटीओत कामं अडवून धरतात. थकलेले ई-चलन असतील तर तेही भरून टाका. हे सगळं किटचा ॲडव्हान्स देण्याआधी उरकायचं. लोक नेमकं उलट करतात.

कर्जाच्या गाडीचं दुखणं निराळं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते ‘इंधन बदलण्यास हरकत नाही’ या मजकुराचं लागतं. शाखेत जाऊन नुसतं ‘एनओसी द्या’ म्हटलं की तिथला माणूस कर्ज फिटल्याची एनओसी समजतो आणि ‘आधी हप्ते संपवा’ म्हणून वाटेला लावतो. अर्जात ‘एलपीजी किट बसवून आरसीवर इंधनाची नोंद बदलण्यासाठी’ असं स्पष्ट लिहा, गाडी नंबर आणि कर्ज खाते नंबर घाला. काही शाखा हे पत्र मुख्य कार्यालयातून मागवतात, तेव्हा तेवढे दिवस हाताशी धरा. कर्ज केव्हाच फिटलं, पण बोजा उतरवायचा राहिला असेही बरेच असतात. त्यांनी आधी तो उतरवून घ्यावा.

पत्त्याची गोष्टही अशीच. कायदा म्हणतो, तुम्ही राहता त्या भागातल्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवा. गाडी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) घेतलेली, एमएच-२० नंबरची, आणि मालक पाच वर्षांपासून चिंचवडला. असा अर्ज पिंपरीच्या खिडकीवर अडकणारच. आधी गाडीचा पत्ता बदलून घ्या.

ज्या कागदावर सगळ्यात जास्त अर्ज पडतात

तो कागद म्हणजे किटचं टाइप ॲप्रूव्हल. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा केंद्राने नेमलेल्या संस्था किट तपासून हे प्रमाणपत्र देतात. ते किट बनवणाऱ्या कंपनीच्या नावे असतं, तुम्हाला त्याची प्रत मिळते. प्रत सगळेच देतात. वाचत कोणी नाही.

त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, मुदत. मंजुरी ३ वर्षांची असते आणि पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. दुकानात मात्र लॅमिनेट करून भिंतीला लावलेल्या जुन्या प्रमाणपत्राचीच झेरॉक्स काढून देण्याची पद्धत आहे. किट ज्या दिवशी बसवला त्या दिवशी मंजुरी चालू होती, हे कागदावर दिसलं पाहिजे. दुसरी, तुमची गाडी. प्रमाणपत्राच्या जोडपत्रात किट कोणत्या गाड्यांना, किती सीसीच्या इंजिनापर्यंत आणि कोणत्या बीएस निकषाला लागू आहे ते लिहिलेलं असतं. जोडपत्राची पानं मागून घ्या, पहिल्या पानावर भागत नाही. तिसरी, इंधन. तोच उत्पादक सीएनजीचेही किट बनवतो, आणि घाईत सीएनजीच्या मंजुरीची प्रत फाइलला लागलेली मी दोनदा पाहिली आहे.

किट बसवल्याचं प्रमाणपत्र वेगळं. ते बसवणारं केंद्र देतं, आणि केंद्र त्या किट कंपनीचं अधिकृत असावं लागतं. त्यावर गाडी नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, रिड्युसरचा (गॅसचा दाब कमी करून इंजिनाकडे सोडणाऱ्या भागाचा) नंबर, टाकीचा नंबर आणि तारीख हवी. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने कितीही सुबक काम केलं तरी त्याचा कागद आरटीओत चालत नाही. स्वस्तात बसवून मिळतो म्हणून तिथे जाणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, की वाचवलेले पैसे नंतर ‘कागद करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे जातात आणि कागद तरीही खोटेच राहतात.

आता टाकी. गॅसची टाकी पेसोच्या मंजुरीची लागते. पेसो म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेची केंद्र सरकारची यंत्रणा, मुख्यालय आपल्या नागपूरलाच. प्रत्येक टाकीला स्वतःचा नंबर असतो, तो लोखंडावर ठोकलेला असतो आणि टाकीच्या चाचणी प्रमाणपत्रावर तोच असावा लागतो. एकावेळी दहा टाक्या येतात, दहा प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये असतात, आणि दुकानातला पोरगा वरचं उचलून देतो.

गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त मास्तरांबरोबर मी उभा होतो. फाइल अशी, की कोणी आदर्श म्हणून दाखवावी. प्रत्येक कागदाला पेन्सिलने पानाचा नंबर. निरीक्षकाने डिकी उघडायला लावली. स्टेपनीच्या खड्ड्यात बसवलेली गोल टाकी, तिच्यावर मॅट, मॅटवर मास्तरांची छत्री आणि पाण्याची बाटली. सगळं बाहेर काढलं, मोबाइलचा टॉर्च मारला, टाकीवरच्या नंबरवरची धूळ बोटाने पुसली. शेवटचा आकडा ७. कागदावर १. मास्तर म्हणाले, ‘‘साहेब, छपाईची चूक असेल.’’ साहेबांनी कागद परत दिला. छपाईची चूक नव्हती, शेजारच्या टाकीचं प्रमाणपत्र होतं. मास्तरांच्या टाकीचं ज्याला मिळालं होतं तो गृहस्थ शोधायला नऊ दिवस गेले.

म्हणून माझा रिवाज असा: किटचे शेवटचे पाच-सात हजार हातात ठेवायचे. टाकी बसवण्याआधी, ती जमिनीवर असतानाच, तिच्या नंबरचा फोटो काढायचा. प्रमाणपत्र शेजारी धरून आकडा-आकडा वाचायचा. मग रिड्युसरचं तेच. सगळं जुळलं की पैसे. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या. पूर्ण पैसे घेतलेला दुकानदार कागदासाठी फोन उचलत नाही.

बिल जीएसटीचं, तुमच्या नावाचं, किट आणि टाकीचे नंबर घातलेलं असावं. आरसीवर वडिलांचं नाव आणि बिल मुलाच्या नावे, हाही नेहमीचा घोळ आहे.

१४ दिवस कुठून मोजायचे

बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. हे दिवस किट बसवल्याच्या तारखेपासून धावतात. कागद मिळाले त्या तारखेपासून नाही, बँकेचं पत्र आलं त्या तारखेपासून नाही आणि कामाचे दिवसही नाहीत. रविवार, दिवाळी, संपाचे दिवस सगळं त्यात येतं. दुकानदार ‘गाडी घेऊन जा, कागद आठवड्याभरात पाठवतो’ म्हणतो तेव्हा तुमचा अर्धा अवधी तो आपल्या खिशात घालत असतो. म्हणूनच बँकेचं पत्र आधी, किट नंतर.

नोंद न करता तसंच फिरवायचा विचार असेल तर कलम १८२ए वाचा. नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

अर्ज आणि तपासणी

हा भाग सोपा. परिवहन पोर्टलवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, ओटीपी येतो, सेवांच्या यादीत ‘अल्टरेशन ऑफ व्हेइकल’ निवडायचं, कागद चढवायचे, फी भरायची, तपासणीची तारीख घ्यायची. ओटीपी जातो तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर शोरूमवाल्याचा किंवा आधीच्या मालकाचा निघाला तर आधी मोबाइल बदला. जायच्या दिवशी मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, किटचे सगळे कागद आणि चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा बरोबर असू द्या. ठसा घरीच काढा. आरटीओच्या दारात तो काढून द्यायचे पैसे घेणारे उभेच असतात. डिकी रिकामी ठेवा.

चालू विमा म्हणजे पेट्रोलची जी पॉलिसी आहे तीच. ‘आधी विमा एलपीजीचा करून आणा’ असं खिडकीवर सांगतात, विमा कंपनी म्हणते ‘आधी आरसी दाखवा’, आणि माणूस मध्ये चेंडू होतो. कंपनीला किट बसवताना लेखी कळवून ठेवा, त्याची पोच आरटीओच्या फाइलला लावा, एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर किटची नोंद, आरसी आल्यावर करून घ्या.

आरसी आली की ती खिशात घालण्याआधी इंधनाचा रकाना वाचा. तिथे ‘पेट्रोल/एलपीजी’ हवं. ‘एलपीजी ओन्ली’ पडलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा, कारण पीयूसीवाल्याच्या मशीनवर आणि विम्याच्या कॉम्प्युटरवर हाच शब्द जातो आणि मग प्रत्येक ठिकाणी खुलासे करत बसावं लागतं.

आरसी आल्यानंतर

विम्यावर आयएमटी २५ हे गॅस किटचं एंडोर्समेंट घ्या. रूढ हिशेबाप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के, शिवाय थर्ड पार्टीचे ६० रुपये, आणि वर जीएसटी असेल तो. २५,००० च्या किटला वर्षाचे हजारभर रुपये. एवढ्यासाठी लोक किट लपवतात, आणि गाडीला आग लागली की विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर पहिली ती टाकीच बघतो. असे क्लेम अडकलेले मी पाहिलेत, त्यामुळे ग्राहक रागावला तरी हे मी सोडत नाही.

टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरते. ३४ लिटरच्या टाकीत २७ लिटरच मावले म्हणून पंपावर भांडू नका, तो झडपेचा गुण आहे. गॅसला पसरायला जागा लागते. आणि घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून नळी लावून टाकी भरून देणारे गल्लीबोळात असतात, त्यांच्या नादी लागू नका. वाहनात घरगुती गॅस वापरायला २००१ च्या केंद्रीय आदेशाने बंदी आहे, आणि हे गॅस उतरवण्याचं काम चालतं ते बहुधा बंद शटरच्या आड. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, आणि तिथे एक ठिणगी पुरते. गावाजवळ ऑटो एलपीजीचा पंप नसेल तर किटच बसवू नका.

टाकीची चाचणी दर ५ वर्षांनी. सीएनजीवाल्यांची ३ वर्षांनी असते, ती ऐकून गोंधळू नका. तारीख टाकीच्या चाचणी प्रमाणपत्रावर बघा.

पुढे कधी किट काढून टाकायचा झाला, समजा गाडी विकताना गिऱ्हाईक नको म्हणालं, तर आरसीवर पुन्हा ‘पेट्रोल’ करून घ्यावं लागतं. तोच अर्ज, तीच तपासणी, तेच १४ दिवस. काढलेली टाकी ओळखीच्याला देऊ नका, तिचे कागद तुमच्या गाडीच्या नावावर आहेत.