एरर आला नाही, पण पृथ्वी मंगळापर्यंत गेली

"मॅडम, झाला रन. एरर नाही आला."

एमएस्सी फिजिक्सच्या कॉम्प्युटिंग लॅबमध्ये सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की आता मान वर न करताच "मग उत्तर बरोबर कशावरून?" असं विचारते, आणि समोरून शांतता. पोरांच्या लेखी एरर म्हणजे स्क्रीनवर लाल अक्षरांत येतो तो, तो नाही आला की प्रिंट काढायची, जर्नलला चिकटवायची, सही घ्यायची आणि चहाला सुटायचं. गंमत म्हणजे हीच पोरं बीएस्सीला स्क्रू गेजनं तारेची जाडी मोजताना आधी झिरो एरर काढायची, लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणाला मोजता येणारं सगळ्यात लहान माप, लिहिल्याशिवाय पुढे जायची नाहीत. कॉम्प्युटरसमोर बसली की लीस्ट काउंट गायब! माझा कोर्स खरं सांगायचं तर या एवढ्याच गोष्टीसाठी आहे, पायथन काय यूट्यूबवरही शिकता येतं.

कॉम्प्युटरलाही लीस्ट काउंट असतो हे पटवायला मी पहिल्याच दिवशी एक साधा लूप देते, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा कोड. एक्स शून्यापासून सुरू, दर वेळी ०.१ मिळवा, एक्स बरोबर १ झाला की थांबा. दहा फेऱ्यांत संपायला हवा ना? संपतच नाही. गेल्या वर्षी एका पोरानं पीसी हँग झाला म्हणून सरळ बटण दाबून बंद केला (आमच्या लॅबचे पीसी बघता त्याचा संशय अगदीच चुकीचा नव्हता). मग एक्स प्रिंट करायला लावला तर दहाव्या फेरीला दिसलं ०.९९९९९९९९९९९९९९९९, पुढची फेरी १.०९९९ वगैरे, म्हणजे नेमका १ कधी आलाच नाही आणि गाडी स्टेशन सोडून पुढे निघून गेली.

कारण असं की आपल्या दशमान पद्धतीत १ भागिले ३ जसं ०.३३३ करत कधीच संपत नाही, तसं कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या पद्धतीत १ भागिले १० संपत नाही, ००११ ००११ असं चालूच राहतं. जागा मात्र ठरलेली, नेहमीच्या डबल प्रिसिजनमध्ये ५३ बिट, म्हणजे साधारण सोळा अंक, बाकीचं कापलं जातं. सोळाव्या अंकातली चूक, कोणाला काय फरक पडतो, असं पोरं म्हणतात आणि तेव्हा मी १९९१ चं आखाती युद्ध काढते.

सौदी अरेबियात धहरानला अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रं होती, इराकची स्कड क्षेपणास्त्रं हवेतच पाडायला. त्यांचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि तो ०.१ होता २४ बिटमध्ये कापलेला, म्हणजे दर टिकला साधारण ०.०००००००९५ सेकंदाची चूक. सिस्टिम सलग शंभर तास चालू होती. इथे मी थांबते आणि पोरांनाच मोबाइलवर गुणाकार करायला लावते: शंभर तासांत ३६ लाख टिक, गुणिले ती चूक, येतात ०.३४ सेकंद. स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे पॅट्रियट अर्धा किलोमीटर भलतीकडेच बघत होतं. २५ फेब्रुवारीला आलेलं स्कड त्याला अडवता आलं नाही, २८ सैनिक गेले. या गुणाकारानंतर वर्गात कोणी हसत नाही.

दुसरी फसवणूक वजाबाकीत असते. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढायचा म्हणजे जवळजवळच्या दोन किमतींची वजाबाकी करून अंतरानं भागायचं, आणि पोरांना वाटतं अंतर जितकं लहान तितकं उत्तर अचूक, कॅल्क्युलसमध्ये तसंच शिकवलंय की! मग साइनचा १ पाशी डेरिव्हेटिव्ह काढायला लावते, अंतर कमी करत करत. दहाचा उणे आठवा घात येईपर्यंत उत्तर सुधारतं आणि त्याच्या खाली गेलं की पुन्हा बिघडायला लागतं, उणे सोळाला तर थेट शून्य, कारण एवढीशी भर कॉम्प्युटरला दिसतच नाही, त्याच्या लेखी १ तो १. माझ्या वर्गात निम्मी पोरं ऊसपट्ट्यातली, त्यांना सांगते की कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली ट्रॉली घाला, वजन लिहा, मग एक कांडकं काढून परत वजन करा आणि वजाबाकीवरून सांगा कांडकं किती ग्रॅमचं. लगेच कळतं!

पण माझा आवडता प्रयोग पृथ्वीचा. सूर्य मध्ये, पृथ्वी भोवती, न्यूटनचा नियम, आणि ऑयलर या गणितज्ञाची १७६८ सालची पद्धत: आजची जागा आणि आजचा वेग घ्या, त्यावरून उद्याची जागा आणि उद्याचा वेग काढा, पुन्हा तेच. एका दिवसाची एक पायरी. कोड दहा-बारा ओळींचा, लाल अक्षर एकही नाही आणि ग्राफवर पृथ्वी छान वळताना दिसते, फक्त वर्ष संपलं तरी ती घरी परत येत नाही. अंतर जवळजवळ १८ टक्के वाढलेलं असतं, चौथ्या वर्षाच्या आसपास ती मंगळाच्या अंतरावर आणि दहा वर्षांत जवळपास दुप्पट लांब. म्हणजे आमच्या लॅबमध्ये पृथ्वी मंगळापर्यंत गेली आणि एरर आला नाही.

हे पकडायला कोडिंग लागत नाही, फिजिक्स लागतं. पृथ्वीची एकूण ऊर्जा कायम राहायला हवी, ती दर पायरीला काढा आणि ग्राफ मारा, रेषा चढताना दिसली की समजा लबाडी आहे. नाहीतर पायरी अर्धी करून बघा, चूकही साधारण अर्धी झाली तर दोष पद्धतीचा, नाही झाली तर कुठेतरी तुमची टायपिंगची चूक.

आता मजा ऐका. एका वर्षी सगळ्यांची पृथ्वी पळाली, एका पोराची नाही. त्याची शंभर वर्षं चालवली तरी जागच्या जागी फिरतेय. शेजारची पोरगी म्हणाली, "मॅडम, यानं कुठूनतरी उचललाय." उचलला नव्हता, बिचाऱ्याच्या दोन ओळींची अदलाबदल झाली होती. आधी वेग बदलला आणि मग तो नवाच वेग वापरून जागा बदलली. ही नेमकी चूक अमेरिकेत एका शाळकरी मुलीनं केली होती आणि तिचं उत्तर "बरोबर पद्धतीपेक्षा" चांगलं का येतंय यावर ॲलन क्रोमर यांनी १९८१ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये पेपर लिहिला, म्हणून आज या पद्धतीला ऑयलर-क्रोमर पद्धत म्हणतात.

का चालते? साध्या ऑयलरमध्ये पृथ्वी दर पायरीला स्पर्शिकेवरून सरळ जाते म्हणजे नेहमी जरा बाहेरच पडते, आणि ती चूक एकाच दिशेनं साठत जाते. ओळी उलट्या केल्या की चूक कधी या बाजूला कधी त्या बाजूला, ऊर्जा थोडी हलते पण चढत बसत नाही. पोळी लाटताना आकार बदलतो पण पीठ तेवढंच राहतं, तसं ही पद्धत जागा आणि वेगाच्या नकाशावरचं क्षेत्रफळ जपते, साधा ऑयलर मात्र पीठ तेवढंच ठेवत नाही. म्हणून ती परफेक्ट आहे असं नाही, अमुक तारखेला पृथ्वी नेमकी कुठे हे तिचंही चुकतंच. पण सूर्यमालेचा कोट्यवधी वर्षांचा हिशोब करणारे लोक याच घराण्यातल्या पद्धती वापरतात, विज्डम आणि होलमन यांची १९९१ ची पद्धत त्यातलीच. आमचं सिलॅबस ज्या चौथ्या ऑर्डरच्या रुंगे-कुट्टा पद्धतीपाशी संपतं ती थोड्या वर्षांसाठी कितीतरी अचूक, पण फार लांबच्या प्रवासात तिचीही ऊर्जा हळूहळू गळते.

आणि एवढं सगळं करून लेखी परीक्षेत पोरांनी प्रोग्राम लिहायचा कागदावर, पेननं, स्वल्पविराम चुकला तर अर्धा मार्क कट! यावर मी बरंच बोलू शकते, पण राहू दे. हल्ली कोड तर एआयच लिहून देतं, आणि तो पहिल्या फटक्यात रन होतो, म्हणजे "एरर नाही आला" हे आता आणखीनच लवकर ऐकू येतं.

ओळींची अदलाबदल झालेल्या त्या पोरानं मला विचारलं होतं, "मॅडम, जर्नलमध्ये कुठला लिहू, चुकलेला की बरोबर?" म्हटलं दोन्ही लिही, दोन्हीच्या ऊर्जेच्या ग्राफसकट. वायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी दोन्ही पानं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "कोड तर सेम आहे, मग ग्राफ वेगळे कसे?"

"सर, सातवी आणि आठवी ओळ बघा," पोरगं म्हणालं.

सरांनी खिशातून चष्मा काढला.