मर्यादित आवृत्तीची मुद्राचित्रे : स्ट्रीट आर्टचा संग्रह

रस्त्यावरच्या भिंती रंगवणारे कलावंत आपल्या चित्रांच्या मोजक्या प्रती कागदावर छापून, त्यांवर क्रमांक घालून आणि सही करून विकतात. अशा प्रती, म्हणजेच मुद्राचित्रे, जमवण्याचा छंद गेल्या काही दशकांत जगभर रुजला असून त्यात थोडीफार सट्टेबाजीही आहे. भिंतीवरचे चित्र येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट पाहता येते आणि पावसाने किंवा पांढऱ्या रंगाच्या एका हाताने नाहीसे होते. मुद्राचित्राला मात्र भाव येतो तो त्याच्या प्रती थोड्या आहेत आणि आणखी निघणार नाहीत, या कलावंताच्या शब्दामुळे.

बहुतेक मुद्राचित्रे स्क्रीन प्रिंटिंगने काढतात. लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापण्याची पद्धत तीच : चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई कागदावर उतरवायची, आणि प्रत्येक रंगासाठी जाळी वेगळी घ्यायची. स्टेन्सिल, म्हणजे चित्राच्या आकाराचा साचा, कापून भिंतीवर चित्र उठवणाऱ्यांना ही पद्धत जवळची वाटते, कारण दोन्हींत रंग सपाट आणि कडा धारदार असतात. कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ३७/१५० असे लिहिलेले असते. दीडशे प्रतींपैकी ही सदतिसावी, असा त्याचा अर्थ. लहान क्रमांकाची प्रत सरस, असे काही संग्राहक मानतात. परंतु प्रती ज्या क्रमाने छापल्या त्याच क्रमाने त्यांवर आकडे पडतात असे नसल्यामुळे या समजुतीत फारसे तथ्य नाही. त्यापेक्षा कागद तिरप्या उजेडात धरून पाहणे उपयोगाचे. हाताने केलेल्या सहीचा दाब कागदात उमटतो आणि शिशाची किंचित चमक दिसते. छापलेली सही मात्र कागदाच्या पातळीतच राहते.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांतील जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग खडूने चित्रे काढत असे आणि लोक ती सोलून घरी नेत. १९८६ मध्ये त्याने ‘पॉप शॉप’ हे दुकान काढले, ते आपली चित्रे सामान्यांच्या खिशाला परवडावीत म्हणून. अमेरिकेचाच स्ट्रीट आर्टिस्ट शेपर्ड फेअरी याची १८ बाय २४ इंचांची, सही व क्रमांक असलेली पोस्टरे याच वाटेने पुढे गेली.

बाजाराला खरे वळण लागले ते बँक्सी या टोपणनावाने भिंती रंगवणाऱ्या ब्रिटिश कलावंतामुळे. निसटलेल्या लाल फुग्याकडे हात लांबवणाऱ्या मुलीचे त्याचे चित्र लंडनच्या भिंतीवरून केव्हाच पुसले गेले. २००४ मध्ये काढलेल्या त्याच्या मुद्राचित्राच्या सही केलेल्या १५० आणि बिनसहीच्या ६०० प्रती मात्र हातोहात फिरत राहिल्या. २०१८ मध्ये लिलावाचा हातोडा पडताच बँक्सीने चौकटीत लपवलेल्या यंत्राने अर्धे फाडले ते याच चित्राचे कॅनव्हासवरचे रूप होते, मुद्राचित्र नव्हे. हा फरक सांगताना पुष्कळदा गळतो. फाटलेले ते चित्र २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. नकलांचा सुळसुळाट झाल्यामुळे २००८ पासून ‘पेस्ट कंट्रोल’ ही बँक्सीची संस्था अस्सलपणाचे प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्राला राजकन्या डायनाचा चेहरा असलेल्या, बँक्सीनेच छापलेल्या खोट्या दहा पौंडांच्या नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा जोडलेला असतो, आणि जुळणारा अर्धा संस्थेपाशी राहतो. भिंतीतून कापून आणलेल्या चित्रांना ही संस्था प्रमाणपत्र देत नाही.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात आला, तरी येथे मुद्राचित्रांचा संग्रह ही अलीकडची गोष्ट आहे. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांना स्ट्रीट आर्टिस्ट म्हणता येणार नाही. तथापि त्यांची चित्रे पणजीच्या बाजारातील भिंतींवर आहेत आणि छापील रूपात दुकानांतही मिळतात, त्यामुळे भिंत आणि कागद यांचे नाते गोमंतकीयाला नवे नाही. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने समकालीन कलेला नवा प्रेक्षक मिळवून दिला. परवानगीवाचून भिंत रंगवणे मात्र राज्यातील १९८८ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते.

गोव्यात संग्राहकाची खरी झुंज नकलांशी नसून ओलीशी असते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट राहते, की सुती कागदावर आधी तांबूस ठिपके उठतात आणि मग बुरशी धरते. कसर आणि वाळवी वेगळीच. चिऱ्यांच्या जुन्या घरात ज्या भिंतीवर पावसाची झड बसते तिच्यावर चौकट टांगू नये, कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट घालावा, आणि चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवावे. गुंडाळी करून नळकांड्यात ठेवलेली प्रत एका पावसाळ्यात लाटा धरते. चवथीच्या साफसफाईत चौकटीची काच ओल्या फडक्याने पुसली, तर पाणी खालच्या कडेने आत झिरपते आणि नेमके पेन्सिलीच्या आकड्यापाशी साचते; म्हणून फडके कोरडेच असावे.