डिझेलचं विमान कुणाला परवडतं?

‘गाडीला डिझेल परवडतं, मग छोट्या विमानाला का नाही?’ विचारणाऱ्याचं निम्मं बरोबर असतं. पण या ‘डिझेल’ विमानांत बहुतेक वेळा जळतं ते जेट इंधन, म्हणजे चांगलं शुद्ध केलेलं रॉकेलच. चार आसनी विमानांची नेहमीची पेट्रोल इंजिनं मात्र अ‍ॅवगॅसवर, म्हणजे विमानांसाठीच्या खास पेट्रोलवर चालतात, आणि त्यात बहुतेक ठिकाणी अजूनही शिसं असतं.

शिसं कशाला? हवा-पेट्रोलचं मिश्रण फार दाबलं की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच त्याचा उरलेला भाग आपोआप भडकतो, इंजिन ठोके मारू लागतं. शिशामुळे ते जरा लांबतं, तरी मिश्रण साडेआठ पटींच्या आसपासच (म्हणजे आकारमान तितक्या पटीनं कमी होईल इतकंच) दाबता येतं. डिझेल इंजिन नुसती हवा दाबतं, सतरा-अठरा पट. इंधन फवारायचं ते अगदी शेवटी. आधी भडकायला तिथे काही नसतंच! जितकं जास्त दाबावं तितके जळलेले वायू जास्त प्रसरण पावतात आणि उष्णतेतलं जास्त काम पदरात पडतं. उलट पेट्रोल इंजिनात उड्डाणाच्या वेळी वैमानिक मिश्रणात मुद्दाम जादा पेट्रोल सोडतो, ते न जळता सिलिंडर गार ठेवतं. पेट्रोलनं इंजिन गार करायचं, म्हणजे चैनच.

130 अश्वशक्तीला पेट्रोल इंजिन तासाला साधारण 35 लिटर पितं, डिझेल 26. यातला काही भाग मात्र फसवा आहे: जेट इंधन घट्ट असतं, त्याच्या लिटरमध्ये ऊर्जाच जास्त. वजनात मोजलं तर बचत सहाव्या हिश्श्याइतकी उरते. (इंधनाच्या नळीला चुंबक लावून याहून जास्त वाचवून देणारेही भेटतात. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावं.)

आता उरलेलं निम्मं. प्रोपेलरची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ नयेत म्हणून त्याचे फेरे कमी ठेवावे लागतात. मोटारीवरून घेतलेलं डिझेल इंजिन बरंच जोरात फिरतं, म्हणून मध्ये गिअरबॉक्स येतो आणि प्रत्येक स्फोटाचा दणका त्याच्या दातांवर बसतो. जर्मनीच्या थीलर्टनं मर्सिडीजच्या मोटारीतलं 1.7 लिटरचं इंजिन 2002 मध्ये विमानासाठी प्रमाणित करून घेतलं. सुरुवातीला त्याचा गिअरबॉक्स दर 300 तासांनी काढावा लागे, आणि 1,000 तासांनी अख्खं इंजिनच बदलायचं. पेट्रोलवालं 2,000 तासांनी खोलून पुन्हा बांधतात. 2008 मध्ये थीलर्ट दिवाळखोरीत गेली.

तासाला 9 लिटर वाचले, तर वर्षाला 700 तास उडणाऱ्या प्रशिक्षण विमानाचे 6,300 लिटर होतात. हौशी मालक उडतो 60 तास. त्याचे वाचतात 540 लिटर, आणि इंजिन मात्र तेवढंच महाग.