नळीत काय उरतं, त्यावर ठरत गेलेलं द्रावण

बंदुकीची नळी कशाने साफ करावी, हा प्रश्न काळ्या दारूच्या जमान्यात कुणाला पडत नव्हता. उत्तर एकच होतं, पाणी, शक्यतो उकळतं. सोरा, गंधक आणि कोळशाची ही दारू जळाली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक घन राख मागे राहते, त्यातले बहुतेक पोटॅशियमचे क्षार. ते हवेतली ओल ओढून लोखंड गंजवतात, पण पाण्यात चटकन विरघळतात. शिवाय उकळत्या पाण्याने नळी इतकी तापते की आतला ओलावा आपोआप उडून जातो. मग तेलाची चिंधी फिरवली की काम संपलं.

1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि हे गणित बिघडलं. राख जवळजवळ नाहीशी झाली. उरली ती चिकट काजळी, पाण्याला दाद न देणारी. त्यामुळे पाणी मागे पडलं, रॉकेल आणि टर्पेंटाइनसारखी तेलकट द्रावणं पुढे आली. 1903 मध्ये अमेरिकेत फ्रँक हॉपे यांचं 'नंबर नाइन' हे द्रावण बाजारात आलं. अमाइल अॅसिटेटमुळे त्याला येणारा केळ्यासारखा वास आजही नेमबाजांना डोळे मिटून ओळखता येतो.

पण तेल लावून ठेवलेल्या रायफलीसुद्धा गंजत होत्या. ठपका अर्थातच नव्या दारूवर. खरा गुन्हेगार होता काडतुसाच्या बुडातला, दारू पेटवणारा प्रायमर. त्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं आणि ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड तयार व्हायचं, म्हणजे मिठाचंच भावंड. तेलात मीठ विरघळत नाही. तेलाखाली सुखाने बसून ते गंज चढवत राहतं. अमेरिकेच्या खाण खात्यातले विल्बर्ट हफ यांनी हे दाखवून दिलं. थोडक्यात, ज्या पाण्याला जुनाट म्हणून हाकललं तेच हवं होतं! गंज न आणणारे प्रायमर 1920च्या दशकाच्या अखेरीस विक्रीला आले, तरी बऱ्याच सैन्यांनी जुनेच पुढे कित्येक वर्षं वापरले. म्हणून लष्करी साठ्यातली जुनी काडतुसं झाडली असतील, तर आधी पाणी, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल, हाच क्रम अजून लागू आहे.

तिसरी डोकेदुखी गोळीच्या धातूची. गोळीवरच्या तांबं-निकेलच्या आवरणाची ढेकळं नळीत चिकटून बसत. त्यावर अमोनियाचं जहाल मिश्रण वापरत. मागचं तोंड रबरी बुचाने बंद करायचं, पुढच्या तोंडावर रबरी नळीचा तुकडा चढवायचा आणि द्रावण थेट त्या तुकड्यापर्यंत भरायचं. कारण पातळी खाली आली आणि द्रावण पोलादावर सुकलं, की तिथेच खड्डे पडत. घरात हा उद्योग करणाऱ्यांच्या डोळ्यांचं काय होत असेल, कोण जाणे.

पुढे आवरणासाठी तांबं-जस्ताचा मिश्रधातू आला आणि ढेकळं गेली, पण तांब्याचा थर राहिलाच. त्यासाठीच्या बऱ्याच द्रावणांत आजही अमोनिया असतो. चिंधी निळी आली की तांबं सुटतंय असं समजायचं. मात्र चिंधी फिरवायच्या गजाचं टोक किंवा ब्रश पितळी असेल, तर द्रावण त्यालाच खातं आणि नळी स्वच्छ झाली तरी चिंधी निळीच येत राहते.