बारावीचे टक्के आणि सीईटीचे पर्सेंटाइल

निकालाच्या दिवसांत 'मुलाला 95 पडले' असे कोणी सांगितले, तर ते टक्के आहेत की पर्सेंटाइल हे आधी विचारून घ्यावे, कारण अभियांत्रिकीच्या प्रवेशात या दोन आकड्यांची कामे अगदी निराळी आहेत.

टक्के म्हणजे एकूण गुणांपैकी विद्यार्थ्याने मिळवलेला वाटा. शेजारच्या बाकावरच्याला किती पडले, याने तो बदलत नाही. पर्सेंटाइल मात्र इतरांच्या तुलनेतले स्थान दाखवते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या एखाद्या सत्रात 20 हजार विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी 19 हजारांचे गुण 200 पैकी 110 किंवा त्याहून कमी आले असे समजू, तर 110 गुण मिळवणाऱ्याचे पर्सेंटाइल 95 होते, जरी त्याचे टक्के अवघे 55 असले तरी. प्रश्नपत्रिका सत्रागणिक वेगळी असल्यामुळे नुसत्या गुणांची तुलना अन्यायकारक ठरली असती, म्हणून ही पद्धत वापरतात आणि ती मला योग्य वाटते. वरच्या टोकाला एका पर्सेंटाइलचा फरकही किरकोळ समजू नये. तीन लाख परीक्षार्थी धरले, तर तेवढ्या अंतरात सुमारे तीन हजार विद्यार्थी असतात.

सीईटीमार्फत होणाऱ्या प्रवेशात गुणवत्ता यादी पर्सेंटाइलवर लागते आणि बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते पाहिले जातात. पण 'पुरते' या शब्दावर विसंबून बारावीकडे पाठ फिरवणे धोक्याचे आहे. खुल्या प्रवर्गासाठी किमान 45 टक्के आणि महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गांसाठी 40 टक्के ही अट भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र अशा विहित विषयांच्या एकत्रित गुणांना लागू होते, संपूर्ण निकालाला नव्हे. भाषा विषयांच्या बळावर एकूण 62 टक्के मिळवलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याचे या विषयांतले गुण 43 टक्केच असतील, तर सीईटीत कितीही पर्सेंटाइल असले तरी तो अपात्र ठरतो. अनेक पालकांना हे कागदपत्रे तपासताना कळते, आणि तेव्हा हाती काही उरलेले नसते.

कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या पारंपरिक पदवीला बहुतेक ठिकाणी बारावीच्या टक्क्यांवरच यादी लागते. एनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांसाठी जेईई मेन या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतील क्रमांकाबरोबर बारावीला 75 टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी 65) किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या 20 टक्के विद्यार्थ्यांत, स्थान लागते. म्हणजे तिथे बारावीचा निकालसुद्धा दोन्ही मापांनी तपासला जातो.