बॅकलॅश की प्रीलोड? डिफरन्शियल बसवताना दोन्हीला "ढिलं" म्हटलं की गडबड होते

आमच्याकडे इंदूरला सुदामानगरच्या शेडमध्ये घरच्या घरी एक टू-सीटर बनतेय, चेसिसचे चौकोनी पाइप लोहामंडीतले आणि मागचा एक्सल (मागची चाकं फिरवणारा आडवा भाग, मधोमध डिफरन्शियलचे गिअर) एका जुन्या व्हॅनचा. एक्सल चढवायच्या आधी दादाने पिनियनची (इंजिनकडून फिरणारा छोटा गिअर) फ्लँज, म्हणजे त्याच्या टोकाची चकती, हाताने फिरवून बघितली तर आधी थोडी मोकळी फिरली आणि मग टक् करून अडली. मदतीला आलेला मेकॅनिक म्हणाला, "भिया, पिनियन ढीला है, नट कस दो." कसला. फ्लँज हाताने जेमतेम फिरेल इतकी जड झाली, आणि ती टकटक मात्र जशीच्या तशी!

कारण ती टकटक म्हणजे बॅकलॅश होता आणि नटाने बदलतो तो प्रीलोड.

बॅकलॅश म्हणजे क्राउन (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) आणि पिनियनच्या दात्यांमधली फट. ती हवीच, गरम झाल्यावर धातू फुगतो आणि दात्यांमध्ये ऑइलचा थर राहायला जागा लागते. बऱ्याच कारमध्ये ती 0.13 ते 0.20 मिमीच्या आसपास असते, पण आकडा आपल्या एक्सलच्या मॅन्युअलचाच धरायचा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) क्राउनच्या दात्याला लावून, पिनियन घट्ट धरून, क्राउन हलवायचा, तीन-चार ठिकाणी मोजायचं. नुसत्या फ्लँजवरून ठरवू नका कारण तिथे साइड गिअर (चाकांकडचे छोटे गिअर) आणि एक्सलच्या स्प्लाइनची (खाचांची) झीजही मिसळलेली असते, जुन्या एक्सलमध्ये तर फारच. कमी-जास्त करायचा तो क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या साइड बेअरिंगच्या शिमने (पातळ चकत्यांनी) किंवा ॲडजस्टरने, एका बाजूने जेवढं काढलं तेवढंच दुसऱ्या बाजूला घालायचं.

प्रीलोड ही फट नाहीच, तो दाब आहे. पिनियनचे दोन टेपर बेअरिंग एकमेकांकडे किती दाबलेत ते. फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर जराही हलली तर प्रीलोड गेलाय, हे खरं "ढिलं". नुसती गोल फिरताना टकटक झाली तर नटाला हात लावू नका.

आणि नटाचा टॉर्क (कसायचा जोर) म्हणजे प्रीलोड नव्हे, इथे भले भले फसतात. नट कसायला दोनशे न्यूटन-मीटरच्या वर जोर लागू शकतो, तर पिनियन फिरवायला लागतात जेमतेम एक-दोन न्यूटन-मीटर, आणि प्रीलोड मोजतात तो या फिरवायच्या जोरावरून. मोजायला आम्ही स्प्रिंगचा ताणकाटा वापरला: फ्लँजला दोरी गुंडाळायची, हळूहळू एकसारखी ओढायची, सुटतानाचा झटका सोडून फिरत असतानाचा आकडा घ्यायचा. 5 सेमी त्रिज्येवर 4 किलो म्हणजे जवळपास 2 न्यूटन-मीटर. क्राउन तेव्हा बाहेर हवा, नाहीतर त्याचंही ओझं त्यात येतं. जुन्या बेअरिंगला नव्यापेक्षा कमी ठेवतात.

आतला कोलॅप्सिबल स्पेसर (दोन बेअरिंगमधली, नट कसला की दबणारी नळी) एकदा जास्त दबला की नट सैल करून काही परत येत नाही, नवाच लागतो. आमचा तसाच गेला म्हणून सगळं उघडलं, बेअरिंगही बदलले, आणि या वेळी क्रम पाळला: आधी पिनियनची खोली (तो क्राउनकडे किती आत बसतो), मग प्रीलोड, मग क्राउन टाकून बॅकलॅश. नट अगदी थोडा-थोडा, दर वेळी काटा लावून. दादा दोरी ओढत होता, मी आकडे लिहीत होतो.